बी१२ ची रक्ततपासणी: साधी टेस्ट, अ‍ॅक्टिव्ह बी१२, होमोसिस्टीन. कुठली कधी करावी आणि पैसे कुठे लावावेत

बी१२ करून घे असं हल्ली कुणीही कुणालाही सांगतं. केस गळतायत, बी१२ कर. दमायला होतं, बी१२ कर. हातापायाला मुंग्या येतात, झोप नीट लागत नाही, आठवत नाही, बी१२ कर. आणि लॅबवाल्यांच्या प्रत्येक पॅकेजमधे ती असतेच, त्यामुळे करायची की नाही हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतच नाही, रिपोर्ट येतो, आकडा रेंजमधे आहे की नाही तेवढं बघायचं आणि विषय संपला. आमच्याकडे सासूबाईंच्या निमित्ताने या टेस्टचे बहुतेक सगळे प्रकार करून झाले, दोन वेगवेगळ्या लॅबमधे झाले, डॉक्टरांना विचार विचार विचारून झालं, म्हणून म्हटलं नीट लिहावं, कुणाच्या तरी आईच्या किंवा सासऱ्यांच्या उपयोगी पडेल. लॅबची नावं लिहीत नाहीये. लॅब कुठली याच्यापेक्षा टेस्ट कुठली, कधी आणि कशाच्या जोडीने केली याने आमच्या बाबतीत कितीतरी जास्त फरक पडला.

माझं मत आधीच सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. साधी बी१२, म्हणजे रिपोर्टवर जी टोटल किंवा सीरम बी१२ म्हणून येते ती, करण्यासारखी आहे, पाचपैकी तीन स्टार. तिच्याबरोबर सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि रक्ताची स्लाइड डॉक्टरने स्वतः मायक्रोस्कोपखाली बघून दिलेला रिपोर्ट, याला पाचपैकी पाच. अ‍ॅक्टिव्ह बी१२ आणि होमोसिस्टीन, आकडा मधल्यामधे अडकला असेल तर चार स्टार, नाहीतर गरज नाही. आणि हे सगळं इंजेक्शन किंवा गोळ्या सुरू करायच्या आधी.

आता सविस्तर. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, मी त्यांना आईच म्हणते. पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. डायबेटिस जुना, मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू, आणि अ‍ॅसिडिटीची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, तीही वर्षानुवर्षं. पायाला मुंग्या येत होत्या, तळवे बधिर वाटायचे, चालताना पायातून चप्पल निसटली तरी कळायचं नाही, रात्री बाथरूमला जाताना अंधारात तोल जायचा आणि भिंतीला धरून जायच्या. जीभ सोलल्यासारखी लाल, साधी आमटीसुद्धा तिखट लागायची. शेजारपाजारचे, नातेवाईक, सगळ्यांचं एकच, शुगरमुळे होतंय हो, या वयात होतंच. शुगरमुळे होतं हे खरंच आहे, पण बी१२ कमी असल्यामुळेही हुबेहूब असंच होतं, आणि दोन्ही एकाच माणसात एकदम असू शकतं. शुगरने गेलेली नस परत आणणं अवघड, पण बी१२ मुळे जे होतंय ते वेळेत पकडलं तर बऱ्याच अंशी सुधारतं. म्हणून ही टेस्ट वेळेवर आणि नीट होणं एवढं महत्त्वाचं.

पहिल्यांदा आम्ही केलं ते अ‍ॅपवरून बुक केलेलं मोठं पॅकेज. साठच्या वर टेस्ट, घरी येऊन सँपल, संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ. सोयीचं म्हणाल तर खूपच सोयीचं, आईंना जिने उतरावे लागले नाहीत, आलेला मुलगा सभ्य होता, एका टोचण्यात काम झालं. रिपोर्टमधे बी१२ समोर २३८ आणि शेजारी रेंज २११ ते ९११, पुढे हिरवी खूण. नॉर्मल. खाली कॉम्प्युटरने आपोआप टाकलेला सल्ला होता तो व्हिटॅमिन डी बद्दल, बी१२ बद्दल एक शब्द नाही. घरात सगळे म्हणाले बघ, बी१२ तर ठीक आहे, म्हणजे शुगरच.

आमचे फॅमिली डॉक्टर जुने आहेत, ते तो रिपोर्ट बघून म्हणाले, "हिरव्या रंगावर जाऊ नका. या बाईंची लक्षणं बघा, गोळ्या बघा, खाणं बघा आणि मग आकडा बघा. यांच्यासाठी दोनशे अडतीस हा नॉर्मल नाही, हा प्रश्न आहे." आणि मग त्यांनी जे समजावलं ते मी जमेल तसं सांगते.

रक्तात जे बी१२ असतं, ज्याला डॉक्टरी भाषेत कोबालामिन म्हणतात, ते मोकळं फिरत नाही, प्रोटीनला चिकटून फिरतं. त्यातलं साधारण ७० ते ८० टक्के हॅप्टोकोरिन नावाच्या प्रोटीनला चिकटलेलं असतं आणि ते बी१२ बहुतेक पेशींना वापरताच येत नाही. उरलेलं २० ते ३० टक्के ट्रान्सकोबालामिनला चिकटलेलं, आणि पेशींच्या आत पोचतं ते एवढंच. यालाच अ‍ॅक्टिव्ह बी१२ म्हणतात. साधी टेस्ट दोन्ही मिळून मोजते. स्वारगेटला उभ्या असलेल्या सगळ्या एसट्या मोजल्या तर आकडा मोठा दिसेल, पण आपल्या गावाला जाणाऱ्या त्यात किती हे त्यातून कळत नाही, तसंच. म्हणून टोटल आकडा खूप कमी असेल, म्हणजे दीडशेच्या आसपास वगैरे, तर कमतरता आहे असं धरून चालता येतं, आणि भरपूर असेल तर बहुतेक वेळा नाही म्हणता येतं, पण मधला जो पट्टा आहे तिथे ही टेस्ट एकटी काही ठरवू शकत नाही.

आणि तो पट्टा चांगलाच रुंद आहे. माझ्या वन्सं इंग्लंडमधे असतात, त्यांनी तिकडचं पाठवलं. तिथल्या नाइस या संस्थेने मार्च २०२४ मधे बी१२ बद्दल नवीन मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात टोटल बी१२ १८० च्या खाली असेल तर कमतरता पक्की, ३५० च्या वर असेल तर कमतरता असण्याची शक्यता कमी, आणि १८० ते ३५० म्हणजे नक्की सांगता येत नाही, लक्षणं असतील तर पुढची टेस्ट करा, असं स्पष्ट दिलंय. म्हणजे आमच्या २३८ वर तिथे कुणी हिरवी खूण केली नसती. तिथल्याच औषध नियामकांनी २०२२ मधे मेटफॉर्मिनमुळे बी१२ कमी होणं हा कॉमन साइड इफेक्ट आहे आणि धोका असलेल्या पेशंटची अधूनमधून तपासणी करा असं सांगितलंय. आपल्याकडे मेटफॉर्मिन घेणारे खूप आहेत, त्यातले कितीतरी अ‍ॅसिडिटीची गोळी पण घेतात, आणि त्यात शाकाहारी. अन्नातलं बी१२ सुटं व्हायला पोटातलं अ‍ॅसिड लागतं, तेच गोळीने कमी केलेलं असतं, आणि मेटफॉर्मिन पुढे आतड्यात शोषणाला अडथळा आणतं. म्हणजे मुळात ताटात कमी आणि जे आहे तेही आत जात नाही.

पुण्याच्या लोकांनी तर हे जास्तच मनावर घ्यायला हवं, कारण यावरचं मोठं काम इथेच झालंय. केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यातल्या आणि आसपासच्या खेड्यातल्या लोकांची बी१२ तपासली. २००६ मधे त्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास छापला, त्यात ६७ टक्के लोकांचं बी१२ कमी निघालं, आणि शहरातल्या मध्यमवर्गात तर ८१ टक्के. झोपडपट्टीत किंवा खेड्यात नाही, मध्यमवर्गात सगळ्यात जास्त, हे वाचून मी दोनदा तपासलं. त्याआधी २००१ च्या अभ्यासात २०४ पुणेकरांमधे ४७ टक्क्यांचं टोटल बी१२ कमी होतं पण अ‍ॅक्टिव्ह बी१२ कमी असलेले ७३ टक्के होते. हा फरक बघा. साधी टेस्ट ज्यांना ठीक म्हणाली असती त्यातले कितीतरी लोक अ‍ॅक्टिव्ह टेस्टमधे कमी निघाले.

तर दुसऱ्या फेरीत आम्ही घराजवळच्या छोट्या लॅबमधे गेलो, जिथे पॅथॉलॉजिस्ट मॅडम स्वतः बसतात. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं सीबीसी स्लाइडसकट, फेरिटिन (लोहाचा साठा), फोलेट (हेही बी गटातलंच एक व्हिटॅमिन), होमोसिस्टीन, अ‍ॅक्टिव्ह बी१२, क्रिएटिनिन (किडनीसाठी).

स्लाइडबद्दल मला मनापासून लिहायचंय कारण तिची कुणी जाहिरात करत नाही. सीबीसी काही शे रुपयात होते, आणि मशीनमधून जे आकडे येतात त्यात एक असतो एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. बी१२ कमी असेल तर पेशी मोठ्या होतात आणि एमसीव्ही १०० च्या वर जातो, असं सगळीकडे वाचायला मिळतं, आणि आईंचा एमसीव्ही होता ९२. एकदम नॉर्मल. फक्त तेवढं बघून परत कुणीही म्हणालं असतं की बी१२ नाही. पण आपल्याकडच्या बायकांमधे लोह कमी असणं किती कॉमन आहे, आणि लोह कमी असलं की पेशी लहान होतात, आणि बी१२ कमी असलं की मोठ्या, दोन्ही एकदम असेल तर सरासरी मधोमध येते आणि मशीन म्हणतं सगळं ठीक. थॅलेसेमिया मायनर असलेल्यांच्या पेशी जन्मतःच लहान असतात, त्यांचंही असंच होतं. पेशींच्या आकारात किती फरक आहे हे दाखवणारा आकडा, आरडीडब्ल्यू, तो मात्र आईंचा वर गेलेला होता, आणि पहिल्या पॅकेजच्या रिपोर्टमधेही गेलेला होता, तिथे कुणी बघितलंच नव्हतं.

मॅडमनी स्लाइड बघून रिपोर्टमधे लिहिलं की लहान आणि मोठ्या दोन्ही प्रकारच्या लाल पेशी दिसतायत, आणि पांढऱ्या पेशींमधल्या न्यूट्रोफिलच्या केंद्राला नेहमीपेक्षा जास्त कप्पे आहेत. नेहमी तीन-चार असतात, पाचसुद्धा काहींना असतात, पण सहा कप्प्यांचा एखादा जरी दिसला तरी बी१२ किंवा फोलेटकडे संशयाची सुई जाते. हे मशीनच्या आकड्यात कळत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. आम्ही रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा मॅडमनी आईंना आत बोलावून विचारलं, "काकू, जिभेची आग होते का हो?" आईंनी जीभ काढूनच दाखवली. तेवढ्या पैशात एवढं लक्ष देऊन कुणी काम करतं याचं मला फार बरं वाटलं. फेरिटिनही कमी आलं, म्हणजे लोहाचा अंदाज बरोबर होता.

हे पण लक्षात ठेवा की रक्तात काहीच दिसत नसताना फक्त नसांना त्रास होणं हे बी१२ मधे घडतं. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नका.

आता होमोसिस्टीन. शरीरात बी१२ आणि फोलेट यांच्या मदतीने होमोसिस्टीनचं मेथिओनिनमधे रूपांतर होतं, दोघांपैकी एकही कमी पडलं की होमोसिस्टीन साठतं. म्हणजे बी१२ किती आहे यापेक्षा त्याचं काम होतंय का हे ही टेस्ट दाखवते, आणि म्हणून ती मला आवडली. साधारण ५ ते १५ नॉर्मल धरतात, आईंचं ३४ आलं. पण ही टेस्ट फक्त बी१२ ची नाही, फोलेट कमी असलं, किडनी मंद असली, थायरॉइड कमी असलं तरी हे वाढतं, म्हणून फोलेट आणि क्रिएटिनिन बरोबर केलं, आणि ती दोन्ही ठीक आली.

इथे सँपलची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पैसे वाया जायची सगळ्यात मोठी जागा हीच आहे. रक्त काढल्यावर बाटलीतल्या लाल पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात. सँपल साध्या तापमानाला तसंच पडून राहिलं तर आकडा तासाला साधारण १० टक्क्यांनी वाढतो. म्हणून रक्त काढल्या काढल्या बर्फात ठेवायचं आणि लवकरात लवकर सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे मशीनमधे गरागरा फिरवून, पेशींपासून प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) वेगळा करायचा असतो. आता घरी येणारा मुलगा सकाळी सहाला तुमच्याकडे येतो, नंतर त्याची अजून घरं असतात, बॅगेत सगळी सँपल घेऊन तो ट्रॅफिकमधून फिरतो. त्याचा काही दोष नाही, त्याला जसं शिकवलं, जेवढी घरं दिली तसं तो करतो. पण होमोसिस्टीनसाठी मी घरी सँपल देणार नाही. लॅबमधे जाऊन द्या, आणि जिथे सेंट्रिफ्यूज त्याच जागी आहे अशा लॅबमधे द्या, नुसत्या कलेक्शन सेंटरवर असेल तर विचारून घ्या. मी काउंटरवर सरळ विचारलं की बर्फात ठेवणार ना, तर तिथली ताई म्हणाली हो, आणि आमच्यासमोर बर्फाच्या डब्यात ठेवलंसुद्धा. नुसत्या बी१२ साठी मात्र घरी सँपल द्यायला काही हरकत नाही, तिथे एवढी नाजूक परिस्थिती नसते.

उपाशीपोटीचं काय, तर बी१२ च्या आकड्यावर एका चहा-पोळीने मोठा फरक पडत नाही, होमोसिस्टीन मात्र उपाशीपोटी करायची पद्धत आहे. डायबेटिसवाल्यांना बारा तास उपाशी ठेवून वर रांगेत बसवणं बरं नाही, सकाळचा पहिला नंबर मागून घ्या आणि डब्यात खायला बरोबर न्या.

अ‍ॅक्टिव्ह बी१२ चा रिपोर्ट यायला वेळ लागला कारण छोट्या लॅबमधे ही होत नाही, ते मुंबईला पाठवतात. किंमत साध्या बी१२ पेक्षा जास्त, आणि प्रत्येक लॅबच्या यादीत ती असतेच असं नाही, फोन करून विचारावं लागतं आणि फोनवर बऱ्याचदा समोरच्याला दोघांमधला फरकच माहीत नसतो, तो म्हणतो हो हो बी१२ होते आमच्याकडे. तेव्हा होलोट्रान्सकोबालामिन हे नाव सांगा, म्हणजे घोटाळा होणार नाही. आईंचा आकडा २२ आला. २५ च्या खाली म्हणजे कमतरता, २५ ते ७० मधला पट्टा, असं त्या इंग्लंडच्या सूचनांमधे आहे. म्हणजे टोटल २३८ नॉर्मल म्हणून आलेल्या बाईंचं कामाचं बी१२ स्पष्ट कमी. माझ्या दृष्टीने हा रिपोर्ट पैसे वसूल होता, कारण त्यानंतर घरात कुणी शुगरच शुगर म्हणालं नाही. पण खरं सांगायचं तर डॉक्टर म्हणाले की एवढी लक्षणं आणि स्लाइड बघून मी हा रिपोर्ट यायच्या आधीच इंजेक्शन चालू केलं असतं, आणि त्यांनी तसंच केलं. सँपल देऊन झालं त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन दिलं. नसांचा त्रास असेल तर रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, आधी रक्त द्यायचं आणि लगेच उपचार, हे त्यांनी ठासून सांगितलं.

अजून एक टेस्ट असते, मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड, लॅबवाले एमएमए म्हणतात. बी१२ साठी ही होमोसिस्टीनपेक्षा जास्त नेमकी, कारण फोलेट कमी असल्याने ती वाढत नाही, किडनीच्या त्रासात मात्र वाढते. पण ती मास स्पेक्ट्रोमेट्रीवर होते, मोजक्याच लॅबमधे, आणि चांगलीच महाग. आम्ही केली नाही, गरज पडली नाही.

बी१२ कमी का झालं हे शोधायच्या टेस्ट वेगळ्या. पोटात इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचं एक प्रोटीन तयार होतं, ते असल्याशिवाय अन्नातलं बी१२ आतड्यात नीट शोषलंच जात नाही, आणि काही लोकांचं शरीर त्याच्याच विरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, याला पर्निशियस अ‍ॅनिमिया म्हणतात. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर निदान जवळजवळ पक्कं, पण निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही, जवळपास अर्ध्या पेशंटमधे ती सापडतच नाही. आईंच्या बाबतीत कारण समोर दिसत होतं म्हणून केली नाही. पण कुणी मांसमच्छी रोज खाणारा असेल, अशा कुठल्या गोळ्या नसतील आणि तरी बी१२ कमी असेल, तर डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा. या अँटिबॉडी असलेल्यांमधे अजून एक गडबड होते, काही मशीनवर त्यांच्यामुळे टोटल बी१२ चा आकडा खोटाच नॉर्मल येतो, कारण टेस्टच्या किटमधेही तेच इन्ट्रिन्सिक फॅक्टर वापरलेलं असतं. रिपोर्ट आणि पेशंट जुळत नसेल तर पेशंटवर विश्वास ठेवायचा.

केसांसाठीच्या गोळ्या. हे तरुण मुलींनी वाचाच. केस-नखांच्या गोळ्यांमधे आणि गमीमधे बायोटिन भरपूर असतं, आणि ज्या मशीनची केमिस्ट्री बायोटिनवर चालते तिथे ते रिपोर्ट बिघडवतं. बी१२ च्या अशा टेस्टमधे आकडा खोटा वाढून येऊ शकतो, थायरॉइडचेही रिपोर्ट असेच गडबडतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मधे यावर इशारा दिला होता. सँपल देताना लॅबमधे सांगा, आणि टेस्टच्या किती आधी थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारा, डोस मोठा असेल तर एक दिवस पुरत नाही.

आणि सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे आधी केमिस्टकडून स्ट्रिप आणून आठ-दहा गोळ्या खाऊन मग टेस्ट, किंवा दोन इंजेक्शनं घेऊन मग टेस्ट. इंजेक्शननंतर आकडा हजार, दोन हजार असा काहीही येतो आणि पुढे कित्येक आठवडे चढाच राहतो, त्यातून मुळात कमी होतं की नाही हे कधीच कळत नाही. ताकदीच्या पावडरी, मल्टिव्हिटॅमिन, यातही बी१२ असतं, डबा उलटा करून वाचा. उलट काहीही घेत नसताना आकडा खूप जास्त आला तर खूश होऊ नका, लिव्हरचे आणि रक्ताचे काही आजार असतात ज्यात तो वाढतो, डॉक्टरांना दाखवा.

रिपोर्ट हातात आल्यावर तीन गोष्टी बघायची मी आता सवय लावलीये. एक युनिट, आपल्याकडे बहुतेक पिकोग्राम पर एमएल असतं, काही ठिकाणी पिकोमोल पर लिटर, आणि दोन्हीत बराच फरक आहे, पिकोग्रामला ०.७४ ने गुणलं की पिकोमोल येतं, म्हणजे १५० पिकोमोल म्हणजे साधारण २०३ पिकोग्राम. परदेशातल्या भावाबहिणीशी आकडे लावून बघताना हा घोळ हमखास होतो. दुसरं, कुठल्या पद्धतीने केलीये, ते बारीक अक्षरात खाली असतं, पुढच्या वेळी तुलना करायची तर तीच लॅब, तीच पद्धत ठेवा, कारण प्रत्येक मशीनची रेंज वेगळी. तिसरं, एनएबीएल या लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेची खूण. लॅबला मान्यता आहे म्हणजे तिथल्या प्रत्येक टेस्टला आहे असं नसतं, ती टेस्टप्रमाणे मिळते, आपली टेस्ट त्यात आहे का हे काउंटरवर विचारा, चांगली लॅब न चिडता सांगते.

फोलेट बरोबर का करायचं हे मला आधी कळत नव्हतं. तर दोन्हींच्या कमतरतेत रक्ताचं चित्र सारखंच दिसतं. याचा इतिहास तर मुंबईचाच आहे, लूसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर १९२८ मधे मुंबईला आल्या होत्या, गिरण्यांमधे काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणारा मोठ्या पेशींचा अ‍ॅनिमिया त्यांनी अभ्यासला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ मधे छापलं. त्या अर्कातला तो घटक म्हणजे फोलेट, हे नंतर कळलं. प्रश्न असा की बी१२ कमी असताना नुसतं फोलिक अ‍ॅसिड दिलं तर रक्त सुधारतं, हिमोग्लोबिन वाढतं, सगळे खूश, आणि नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालूच राहतं. म्हणून थकवा आहे म्हणून स्वतःच्या मनाने फोलिकच्या गोळ्या सुरू करू नका, आधी दोन्ही तपासा.

आता पुढच्या टेस्टबद्दल, कारण लॅबकडून मेसेज यायला लागलेत की तुमची बी१२ रिपीट ड्यू आहे, डिस्काउंट आहे. इंजेक्शनं चालू असताना टोटल बी१२ परत करण्यात काही अर्थ नाही, ते वर गेलेलंच असणार. डॉक्टरांनी आठवड्याभरात रेटिक्युलोसाइट काउंट करायला सांगितला होता, म्हणजे नवीन लाल पेशी तयार व्हायला लागल्या का ते कळतं, तो वाढलेला आला. दोन महिन्यांनी सीबीसी आणि होमोसिस्टीन, त्यात हिमोग्लोबिन वर आलं आणि होमोसिस्टीन १५ च्या खाली उतरलं. लोहाची गोळी वेगळी चालू आहे. जिभेची आग सगळ्यात आधी गेली, आईंनी स्वतःहून ठेचा मागितला. पायाच्या मुंग्या कमी आहेत, तळव्यांचा बधिरपणा अजून पूर्ण गेलेला नाही, त्यातला काही भाग शुगरचा असू शकतो असं डॉक्टर म्हणतात, आणि नसांना सुधारायला महिने लागतात. मेटफॉर्मिन बंद केलेली नाही, करायची गरजही नाही, तुम्हीपण हे वाचून बंद करू नका. वर्षातून एकदा तपासणी ठेवायची, आणि ती सीबीसी, स्लाइड आणि होमोसिस्टीन अशी, त्याच लॅबमधे, स्वतः जाऊन.